विद्युत्‌जालाचे वास्तवकालिक सिम्युलेशन : साध्या संगणकसमूहांच्या वापराचा इतिहास

प्रास्ताविक

९ नोव्हेंबर १९६५ रोजी सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास नायगारा नदीवरील सर ॲडम बेक जलविद्युत् केंद्रातील एका रिलेने टोरांटोकडे जाणारी एक वाहिनी तोडली. वाहिनीत कोणताही दोष नव्हता. रिलेला ठरवून दिलेली मर्यादा त्या दिवशीच्या भारापेक्षा कमी होती, एवढेच घडले होते. तुटलेल्या वाहिनीवरील भार उरलेल्या चार वाहिन्यांवर गेला आणि काही सेकंदांत त्याही तुटल्या. न्यूयॉर्कसह अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे तीन कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर ४७ वर्षांनी, ३० जुलै २०१२ रोजी, बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अशाच रीतीने तुटली. दूर अंतरावरील दोषांसाठी ठेवलेल्या तिसऱ्या क्षेत्राच्या संरक्षणाने जड भारालाच दोष मानले. उत्तर भारतातील सुमारे ३६,००० मेगावॅट भार त्या रात्री बंद पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच होऊन उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची जाले कोसळली आणि सुमारे ४८,००० मेगावॅट भार गेला.

दोन्ही प्रसंगी रिले बिघडलेला नव्हता. त्याला जे सांगून ठेवले होते तेच त्याने केले. प्रश्न असा, की असा पहारेकरी प्रत्यक्ष संकटात कसा वागेल हे आधी पाहावे कसे? चालू जालावर मुद्दाम दोष घडवून आणणे कोणाला परवडणार नाही. त्यासाठी खोटे जाल लागते. आणि ते असे असावे लागते की रिलेला ते खरेच वाटावे. रिलेने ब्रेकर उघडण्याची आज्ञा दिली, की पुढच्याच क्षणी खोट्या जालातील प्रवाह बदलला पाहिजे. गणित करणाऱ्या यंत्राने 'थांब, अजून उत्तर आलेले नाही' असे म्हणून चालत नाही. घड्याळातील एका सेकंदात जालाचा एक सेकंद पुरा करणाऱ्या या गणनेला वास्तवकालिक सिम्युलेशन म्हणतात.

हा इतिहास संगणक वेगवान होत गेल्याचा इतिहास आहे, असे सहसा समजले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मुख्यतः दोन प्रश्नांचा इतिहास आहे. जाल कोठे कापावे, आणि कापलेल्या तुकड्यांनी परस्परांशी कमीत कमी किती बोलावे? साध्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहावर हे काम होऊ शकले, त्यामागील कारण या दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

प्रतिकृतींचा काळ

संगणकापूर्वी जालाचा अभ्यास प्रतिकृतीवर होत असे. १९२९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांच्या सहकार्यातून प्रत्यावर्ती प्रवाहाचे नेटवर्क ॲनालायझर उभे राहिले. हॅरॉल्ड हेझन यांचे नाव या कामाशी निगडित आहे. खोलीभर पसरलेल्या या यंत्रात रोध, कुंडले व धारित्रे जोडून शेकडो मैलांच्या जालाची लहान प्रतिकृती करता येई. हव्या त्या ठिकाणी मापक लावावा आणि उत्तर वाचावे. तडिताघात किंवा ब्रेकरची उघडझाप यांतून उठणाऱ्या क्षणिक लाटांसाठी पुढे ट्रान्झिएंट नेटवर्क ॲनालायझर हा वेगळा प्रकार आला.

या यंत्रांच्या मर्यादा आपणांस आज सहज दिसतात. एक जाल सोडून दुसरे बसवायचे, तर तारा पुन्हा जोडाव्या लागत. प्रतिकृतीतील कुंडलांचा रोध मूळ वाहिनीच्या प्रमाणात ठेवणे अवघड असे. तथापि त्यांच्या अंगी एक गुण असा होता की ज्याची किंमत तो गेल्यावरच कळली. प्रतिकृतीतील विद्युत् ही विद्युत्‌च होती. ती गणित करीत नव्हती, वाहत होती. म्हणून प्रतिकृतीला खरा रिले जोडला तर तिचे उत्तर उशिरा येण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

संगणक आला, काळ हरवला

१९५६ मध्ये वॉर्ड आणि हेल यांनी भारप्रवाहाचे गणित अंकीय संगणकावर मांडून दाखविले. १९६७ मध्ये बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या अमेरिकी शासकीय संस्थेतील विल्यम टिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विरळ मॅट्रिक्सच्या पद्धतीने हे गणित मोठ्या जालांनाही लागू होईल असे केले. जालातील प्रत्येक उपकेंद्र मोजक्याच शेजाऱ्यांना जोडलेले असते. त्यामुळे समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक जागी शून्य असते, आणि शून्यांवर वेळ घालवू नये, हा साधा पण फार फलदायी विचार होता.

ही गणिते स्थिर अवस्थेची होती. क्षणिक लाटांचे गणित संगणकावर आणण्याचे श्रेय हेर्मान डोमेल यांचे. म्युनिकमध्ये सुरू केलेले काम त्यांनी बॉनव्हिल येथे पुढे नेले आणि त्यावरील त्यांचा प्रबंध एप्रिल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या आज्ञावलीस 'ईएमटीपी' हे नाव मिळाले. कुंडल व धारित्र यांची अवकल समीकरणे समलंबी नियमाने बदलली, म्हणजे काळाच्या प्रत्येक लहान टप्प्यासाठी त्यांच्या जागी एक रोध आणि एक प्रवाहस्रोत उरतो. स्रोताचे मूल्य मागील टप्प्यावरून कळते. अशा रीतीने अवघड अवकल गणित हे रोधांच्या साध्या जालाचे गणित बनते. ते प्रत्येक टप्प्याला एकदा, म्हणजे हजारो वेळा, सोडवायचे.

हा टप्पा साधारणपणे ५० मायक्रोसेकंदांचा घेतला जातो. आपल्या ५० हर्ट्झच्या एका आवर्तनात असे ४०० टप्पे येतात आणि एका सेकंदात २०,०००. त्या काळच्या संगणकाला एवढे गणित एका सेकंदात करणे केवळ अशक्य होते. अभियंता पंचकार्डांचा गठ्ठा देई आणि उत्तराची वाट पाही. (ईएमटीपीच्या वंशातील 'एटीपी' या आज्ञावलीची माहिती आजही ८० स्तंभांच्या ओळींत, कार्डांच्या जुन्या मापानेच, लिहावी लागते. सवयींचे आयुष्य यंत्रांपेक्षा मोठे असते.) अचूकता मिळाली, लवचीकता मिळाली, पण प्रतिकृतीपाशी असलेला काळ मात्र हातचा गेला. पुढील दोन दशके रिले आणि नियंत्रक तपासण्यासाठी प्रयोगशाळा जुन्या प्रतिकृती सांभाळूनच राहिल्या, त्याचे कारण हेच.

पाण्याच्या नळातून आलेली कल्पना

डोमेल यांच्या पद्धतीतील एक भाग पुढे निर्णायक ठरला, आणि त्याचा उगम विद्युत् अभियांत्रिकीत नाही. नळ वेगाने वाहत असताना तोटी एकदम बंद केली, तर भिंतीतून धक्का ऐकू येतो. पाण्यातील दाबाची लाट नळातून मागे धावते आणि आपटून परतते. जलविद्युत् केंद्रांच्या दाबनळांत हाच धक्का नळ फोडू शकतो. फ्रेंच जलअभियंता लुई बर्जेरॉन यांनी या लाटांचे आलेखी गणित विकसित केले आणि तेच गणित वीजवाहिनीवरील तडिताघातास लागू पडते हे दाखविले. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६१ मध्ये निघाले. डोमेल यांनी वाहिनीचे प्रारूप या विचारावर बेतले.

यातील मर्म असे. वाहिनीच्या एका टोकास काहीही घडले, तरी दुसऱ्या टोकास ते ताबडतोब कळत नाही. लाट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जात असली तरी तिला वेळ लागतोच. ५० मायक्रोसेकंदांत प्रकाश १५ किलोमीटर जातो. म्हणजे वाहिनी १५ किलोमीटरांहून लांब असेल, तर या टप्प्यात तिच्या दोन टोकांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. उदाहरणार्थ, चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी घेऊ. ती १९९९ मध्ये कार्यान्वित झाली. चंद्रपूरकडील बदल पडघ्याला पोहोचण्यास सुमारे अडीच मिलिसेकंद, म्हणजे असे ५० टप्पे, लागतात. तोपर्यंत दोन्ही बाजूंची गणिते एकमेकांची वाट न पाहता स्वतंत्रपणे करता येतात, आणि त्यात लबाडी वा अंदाज नसतो. भौतिकशास्त्रच तशी मुभा देते.

समांतर गणनेच्या इतर क्षेत्रांत प्रश्नाचे तुकडे कसे करावेत हे माणसाला ठरवावे लागते, आणि कापलेल्या कडांवर चूक शिरते. येथे निसर्गाने कापण्याच्या जागा आधीच आखून ठेवल्या आहेत. डोमेल यांनी ही सोय समांतर यंत्रांसाठी केली नव्हती. १९६९ मध्ये हाताशी एकच संगणक असे. पण पुढे ज्याने ज्याने वास्तवकालिक सिम्युलेटर बांधला, त्याने या विलंबाचा आधार घेतला.

विशेष यंत्रे

पहिले यश साध्या संगणकांना मिळाले नाही, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नेल्सन नदीवरील वीज उच्चदाब एकदिश वाहिन्यांनी दक्षिणेकडे आणली जाते. अशा वाहिनीचे सारे वर्तन तिच्या नियंत्रकांवर अवलंबून असल्याने तेथे सिम्युलेशनची गरज तीव्र होती. विनिपेग येथील मॅनिटोबा एचव्हीडीसी संशोधन केंद्रात डिजिटल सिग्नल प्रोसेसरांचे खास फलक बनवून १९८९ मध्ये वास्तवकालिक अंकीय सिम्युलेशन साधण्यात आले. त्यातून १९९४ मध्ये आरटीडीएस टेक्नॉलॉजीज ही कंपनी निघाली. क्वेबेकमध्ये हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेने 'हायपरसिम' विकसित केला. तो सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या बहुप्रोसेसर महासंगणकांवर चाले. फ्रान्सच्या राष्ट्रीय वीज कंपनीचा 'अरेन' हाही याच काळातला.

ही यंत्रे उत्कृष्ट होती. बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेनेही पुढे आरटीडीएस घेतला. परंतु त्यांची किंमत राष्ट्रीय संस्था किंवा मोठी वीज कंपनी यांनाच झेपणारी होती. विद्युत् संरक्षण हा विषय शिकविणाऱ्या शेकडो महाविद्यालयांत विद्यार्थी रिलेचा अभ्यास एका फलकावर बसविलेल्या सुट्या उपकरणावर करीत. जालाशी जोडलेला रिले त्यांना पाहावयास मिळत नसे. साध्या संगणकांच्या समूहाचा विचार केवळ तांत्रिक कुतूहलाचा नव्हता, तो या अंतराविषयीचाही होता.

साध्या संगणकांचे समूह

अनेक लहान मिळून एक मोठे करावे, ही कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला. त्यातील ट्रान्सप्यूटर या ब्रिटिश चिपची खासियत तिच्या गणनशक्तीपेक्षा तिच्या चार दुव्यांत होती. शेजारच्या चिपशी बोलण्याची सोय चिपवरच केलेली होती. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी त्याहून साधा मार्ग धरला. बाजारात मिळणारे १६ संगणक, साधे इथरनेट आणि लिनक्स ही मोफत संचालन प्रणाली घेऊन त्यांनी 'बेवुल्फ' नावाचा समूह जोडला. त्यानंतर काही वर्षांतच जगभरच्या विद्यापीठांत असे समूह उभे राहिले.

मग हाच समूह उचलून वीजजालासाठी का वापरला नाही? येथे साध्या संगणकाचा दोष उघड होतो. हवामानाच्या गणितात एखादा निरोप एक मिलिसेकंद उशिरा आला तर बिघडत नाही; सारे काम थोडे लांबते. वास्तवकालिक सिम्युलेशनमध्ये सेकंदाला २०,००० वेळा वेळेवर हजर राहावे लागते, आणि एकदा चुकले तरी जोडलेल्या रिलेच्या दृष्टीने जालच खोटे ठरते. त्या काळच्या साध्या लिनक्सच्या घड्याळाचा ठोका १० मिलिसेकंदांचा, म्हणजे आपल्या २०० टप्प्यांएवढा होता. साध्या इथरनेटवरून नेहमीच्या पद्धतीने निरोप पोहोचविण्यातच एक संपूर्ण टप्पा किंवा त्याहून अधिक वेळ जाई. सरासरी वेग उत्तम, पण हमी नाही, अशी ही अवस्था होती. हमीच्या अभावी वेगाला किंमत नव्हती.

म्हणून दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. एक म्हणजे संचालन प्रणाली. न्यू मेक्सिकोमध्ये निघालेले आरटीलिनक्स आणि कॅनडातील क्यूएनएक्स यांनी ठरलेल्या क्षणी ठरलेले काम करण्याची हमी साध्या संगणकावर आणली. दुसरी गोष्ट म्हणजे संगणकांमधील दुवा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डोमेल १९७३ पासून अध्यापन करीत होते. तेथील होसे मार्ती यांनी लिनारेस यांच्यासह १९९४ मध्ये ईएमटीपीच्या पद्धतीवर आधारलेले वास्तवकालिक सिम्युलेशन एका सर्वसाधारण वर्कस्टेशनवर शक्य असल्याचे दाखविले होते. २००३ मध्ये हॉलमन व मार्ती यांचा वैयक्तिक संगणकांच्या समूहावरील प्रबंध प्रसिद्ध झाला. संगणक बाजारातलेच होते; मात्र त्यांना जोडण्यासाठी साध्या जाळ्याऐवजी स्वस्तात बनविलेली खास जोडपत्रे होती. प्रत्येक संगणकाकडे जालाचा एक तुकडा, आणि दोन तुकड्यांमध्ये लांब वाहिनी. या समूहावर चालणाऱ्या सिम्युलेटरचे नाव 'ओव्हनी'. स्पॅनिशमध्ये या अक्षरांचा अर्थ उडती तबकडी असा होतो. शास्त्रज्ञांनाही विनोद वर्ज्य नसतो.

जेथे लांब वाहिनी नसते

परंतु वाहिनीच्या विलंबाची मुभा सर्वत्र मिळत नाही. शहरातील वितरणजालात दोन उपकेंद्रांमधील अंतर पाच किलोमीटरही नसते. तेवढ्यात लाट १७ मायक्रोसेकंदांतच पोहोचते. एकाच उपकेंद्रातील रोहित्रे व बस यांच्यात तर कापण्यास जागाच नाही. येथे गॅब्रिएल क्रॉन यांचा जुना विचार उपयोगी पडला. जनरल इलेक्ट्रिकमधील या विक्षिप्त प्रतिभेच्या अभियंत्याने १९५० च्या दशकात 'डायकॉप्टिक्स' ही पद्धत मांडली. जाल फाडावे, तुकडे स्वतंत्रपणे सोडवावेत, आणि फाडलेल्या दुव्यांपुरते एक लहान गणित करून तुकडे पुन्हा जुळवावेत. क्रॉन यांची टेन्सरांनी भरलेली मांडणी समकालीनांना दुर्बोध वाटे आणि तिच्यावर टीकाही झाली. त्यांचा हेतू लहान संगणकावर मोठा प्रश्न बसविण्याचा होता. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मार्ती यांच्या 'मेट' या पद्धतीत हाच विचार पुन्हा अवतरला. प्रत्येक संगणक आपल्या तुकड्याचे थेव्हेनिन समतुल्य काढतो आणि दुव्यांच्या टोकांपुरती मोजकी संख्या मध्यवर्ती संगणकाकडे पाठवितो. तो दुव्यांतील प्रवाह काढून परत देतो. निरोप लहान झाला. मात्र तो प्रत्येक टप्प्यात जाऊन परत आला पाहिजे. लांब वाहिनी जी सवलत देते, ती येथे नाही. त्यामुळे समूहात संगणक वाढवीत गेले तरी एका मर्यादेनंतर फायदा थांबतो. गणनेपेक्षा बोलण्यातच वेळ जाऊ लागतो. समूहाच्या समर्थकांनी ही मर्यादा कित्येकदा हलक्या आवाजात सांगितली, असे वाटते. पारेषणजालाच्या उदाहरणांवरून काढलेले निष्कर्ष वितरणजालाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

समूहाचे पुढे काय झाले

२००५ पासून एका चिपवर दोन, मग चार, मग त्याहून अधिक गाभे असलेले प्रोसेसर बाजारात आले. ज्यांना जोडण्यासाठी तारा आणि खास पत्रे लागत, ते संगणक आता एकाच आवरणात येऊन सामायिक स्मृतीतून बोलू लागले. निरोपाचा विलंब मायक्रोसेकंदाच्याही खाली गेला. टेबलावर मांडलेल्या संगणकांचा समूह या रूपात फार काळ टिकला नाही; त्याचा विचार टिकला. माँट्रियल येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ओपाल-आरटी या कंपनीने आरंभापासून बाजारातील प्रोसेसरांवर भिस्त ठेवली होती. महासंगणकावर वाढलेला हायपरसिमही पुढे साध्या बहुगाभा संगणकांवर उतरला आणि याच कंपनीमार्फत उपलब्ध झाला. खास प्रोसेसरांची वाट चोखाळणाऱ्या आरटीडीएसनेही नंतर बहुगाभा प्रोसेसर स्वीकारले. एका क्षेत्रात मात्र उलटा प्रवास झाला. सौर व पवन प्रकल्पांतील परिवर्तक सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. त्यांच्यासाठी टप्पा एका मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतो. तेथे साधा प्रोसेसर अपुरा पडतो आणि एफपीजीए या, मंडलच पुन्हा आखता येणाऱ्या, चिपचा आधार घ्यावा लागतो.

किंमत मात्र अपेक्षेइतकी उतरली नाही. प्रोसेसर स्वस्त झाला तरी खर्च दुसरीकडे होता. खऱ्या रिलेला संख्या समजत नाहीत; त्याला ११० व्होल्टचा दाब आणि १ किंवा ५ ॲम्पिअरचा प्रवाह द्यावा लागतो. ते देणारी प्रवर्धक यंत्रे, संख्येचे विद्युत्‌संकेतांत रूपांतर करणारे फलक आणि आज्ञावलीचा परवाना, हे मिळून होणारा खर्च साध्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरच राहिला. एटीपी पात्र वापरकर्त्यांस विनामूल्य मिळत आली, म्हणून आपल्याकडे अनेकांनी क्षणिक लाटांचे गणित तिच्यावर केले. पण ते वास्तवकालिक नव्हते, आणि रिले जोडण्याची सोय तीत नव्हती.

ही अडचण अलीकडे वेगळ्याच बाजूने सैल होत आहे. आयईसी ६१८५० या मानकानुसार बांधलेल्या अंकीय उपकेंद्रांत दाब आणि प्रवाह यांची मोजमापे तांब्याच्या तारांऐवजी इथरनेटवरील संदेशांच्या रूपाने रिलेपर्यंत जातात. संरक्षणासाठी प्रचलित पद्धतीत एका आवर्तनात ८० नमुने, म्हणजे ५० हर्ट्झला सेकंदाला ४,००० संदेश पाठविले जातात. दोन संदेशांमध्ये २५० मायक्रोसेकंद मिळतात. अशा रिलेला प्रवर्धक नको. संख्याच हव्यात, आणि त्या वेळेवर हव्यात. साध्या इथरनेट पत्राने आणि वास्तवकालिक लिनक्सने हे साधते. लिनक्समध्ये त्यासाठी लागणारी सुधारणा सुमारे वीस वर्षे मूळ प्रणालीबाहेर राहिली होती. ती २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत समाविष्ट झाली. संगणक प्रयोगशाळेतून बाद करून कोपऱ्यात रचून ठेवलेल्या बहुगाभा संगणकांपैकी एकावर लहान पारेषणजाल चालवावे आणि दुसऱ्या टोकास एक अंकीय रिले जोडावा, एवढी मांडणी आता विद्युत् विभागातील दोन प्राध्यापक व काही विद्यार्थी मिळून करू शकतात. त्यांतील सर्वांत महाग वस्तू तो रिलेच असेल.